कुंकवाखालचा नंबर

पत्रावर कुणाचंच नाव नसतं, म्हणूनच बाबांनी ते घेतलं होतं.

"नाव आलं की सही आली," ते म्हणायचे, "आणि सही आली की कुणाला तरी विचारणं आलं." बाबा पुण्यात एका शाळेत हेडक्लार्क होते. उभ्या जन्मात त्यांनी पोस्टाबाहेर पैसा ठेवला नाही. बँकसुद्धा त्यांना जराशी उनाड वाटायची. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझं बाळंतपण माहेरी होण्याचा प्रश्न नव्हता. ध्रुव सासरी, बेंगळुरातच झाला. ऑक्टोबर एक्याण्णवमध्ये त्याच्या बारशाला बाबा आले ते स्टेशनवरून थेट राजाजीनगरच्या पोस्टात गेले, आणि पाच हजार मोजून दोन इंदिरा विकास पत्रं घेऊनच घरी पोचले. मुदत संपली की दुप्पट. ज्याच्या हातात पत्र, त्याचे पैसे. पोस्ट तुमचं नाव विचारत नाही, नवऱ्याचं तर नाहीच.

"तुझ्यासाठी आहे," सगळे पाणी भरायच्या गडबडीत असताना ते मला हळूच म्हणाले, "पण देताना बाळाचं म्हणून देतो. म्हणजे कुणी मागणार नाही."

बाबा हुशार होते, पण सासर त्यांना पुस्तकातलंच माहीत होतं.

त्यांनी पत्रं बघायला म्हणून माझ्या हातात दिली, तेवढ्यात मी दोन्ही नंबर ध्रुवच्या लसींच्या कार्डामागे लिहून ठेवले. संशय वगैरे काही नव्हता. मला सवयच आहे. मी गॅसच्या सिलिंडरवरचाही नंबर लिहून ठेवते. मग पत्रं पाळण्यात ठेवली गेली, आणि माझ्या सासूबाई, महानंदाबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे आल्या. हे कुटुंब निपाणीकडचं, पण तीस वर्षं राजाजीनगरात. मुलं त्यांना अव्वा म्हणतात, म्हणून मीही अव्वा म्हणते. त्यांनी पाण्यात कालवलेलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि दोन्ही पत्रांच्या चारही कोपऱ्यांना चांगलं ठसठशीत ओढलं. या घरात लग्नपत्रिकेपासून नव्या रेशनकार्डापर्यंत एकही कागद त्यातून सुटत नाही.

"अव्वा, सरकारी कागद आहे तो," मी म्हटलं.

"मग? सरकारला कुंकू चालत नाही होय?"

बायका हसल्या. बाबाही हसले. अव्वांनी पत्रं फुंकर मारून वाळवली, लोखंडी कपाटात चांदीच्या भांड्यांखाली ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यापुरतं अडखळलेलं मी पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझे सासरे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा. पत्रं कपाटातच होती.

माझे मोठे दीर नागराज. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बेंगळुराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पंधरा वर्षं टर्नर होते, उजव्या हाताचं एक बोट लेथला देऊन बसले, आणि मग एका फायनान्स कंपनीचे एजंट झाले. मेन रोडवर काचेच्या दाराची ती कंपनी. आत एसी, बाहेर बंदूकवाला. चोवीस टक्के व्याज, दर महिन्याला चेक. सासऱ्यांचा फंड तिथे गेला. माझ्या जावेच्या, संध्याअक्काच्या, बांगड्या मोडून ते पैसेही गेले. पाच तारखेला चेक आला की अण्णा तो जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून जेवायचे.

"पोस्टात पैसा झोपतो गं मुग्धा," ते मला म्हणायचे. "इथं कामाला जातो."

"कुठे जातो कामाला?" मी एकदा विचारलं. "म्हणजे कंपनी ते पैसे घालते कशात?"

"हे बघा, बीकॉम बोलतंय!" त्यांनी सगळ्यांकडे बघून म्हटलं. "आंब्याची चव बघ, झाड कशाला मोजतेस?"

मला झाडच दिसत नव्हतं, हीच तर अडचण होती. पण त्या घरात प्रश्न विचारणाऱ्या सुनेला उत्तर मिळत नाही, फक्त नाव मिळतं. माझं नाव होतं पोस्टमास्तरीण.

पत्रांची मुदत संपत होती दहा एप्रिल सत्त्याण्णवला, गुरुवारी. कार्डामागे नंबरांखाली मी तारीखही लिहिली होती. मार्चपासूनच माझा जीव खालीवर व्हायला लागला. सूर्यकांत, माझा नवरा, पीण्यातच एका लहान कारखान्यात सुपरवायझर. तिथे दोन शिफ्टची एक शिफ्ट झाली होती आणि पगार हप्त्याहप्त्याने मिळत होता. ध्रुव जूनमध्ये पहिलीत जाणार. उद्या काही झालं, तर ज्याच्यावर मी हात ठेवू शकेन असं जगात ते दोन कागदच होते.

मी अव्वांकडे किल्ली मागितली.

"उगादी होऊ दे," त्या म्हणाल्या. "सणाच्या तोंडावर कपाट कशाला उपसायचं?"

उगादी, म्हणजे पाडवा, झाली मंगळवारी. बुधवारी मागितली, तर, "आज बुधवार. जे करू ते दुप्पट होतं, भांडणसुद्धा. उद्या बघू."

गुरुवारी सकाळी कपाट उघडंच होतं. चांदीची भांडी होती. पत्रं नव्हती.

मी ओरडले नाही. ध्रुवला शाळेत सोडून आले, पोळ्या केल्या. सगळ्या नकाशासारख्या झाल्या. बाराच्या सुमारास अण्णा आले. चप्पल न काढता आत येऊन त्यांनी दोन्ही पत्रं माझ्यासमोर टेबलावर आपटली.

"हे असलं काय देऊन गेला तुझा बाप?"

"पत्रं कपाटातून कुणी काढली, अण्णा?"

"ते नंतर. पोस्टवाला पैसे देत नाही. म्हणतो, कुंकवाखाली नंबर दिसत नाही. मोठ्या ऑफिसला पाठवणार म्हणे, सहा महिने का वर्ष, देवाला ठाऊक. नंबर कुठं लिहिलेला असेल तर आणा म्हणाला, रजिस्टरशी ताडून लगेच देतो." ते खुर्चीत बसले. "तू लिहून ठेवला असशीलच. सांग."

मी पत्रांकडे पाहिलं. नंबर वरच्या कोपऱ्यात छापलेला. साडेपाच वर्षांत हळद खाली मुरून तपकिरी झाली होती, आणि त्यावर कुंकवाचा लालभडक थर तसाच्या तसा. एकेका पत्राचे दोन-तीन आकडे तेवढे कडेने डोकावत होते.

मी हात पुढे केला, तर अण्णांनी पत्रं उचलून खिशात घातली.

"नंबर."

"पत्रं माझ्या हातात द्या, मग सांगते."

"तुझ्या हातात कशाला? तुझं नाव आहे त्याच्यावर?"

"तुमचं आहे?"

संध्याअक्का भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"मुग्धा," अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, आणि मला त्या शांतपणाचाच राग आला, "चोरी नाही केलेली मी. सूर्यानं आपल्या हातानं काढून दिली सकाळी. हो ना अव्वा? दहा हजार कंपनीत टाकले तर महिन्याला दोनशे घरात येतील. त्याची शिफ्ट गेली, तुला तेवढाच आधार. तुझ्याच भल्याचं करतोय."

अव्वा देवघराच्या उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

सूर्यकांत साडेतीनला आला. मी त्याला गच्चीत गाठलं. घरात मी त्याला अहो म्हणते, गच्चीत नाही.

"सूर्या, तू दिलीस?"

तो दोरीवरचे वाळलेले कपडे उगाच काढायला लागला.

"दिलीस का?"

"अण्णानं कॉलेज सोडलं म्हणून मी डिप्लोमा झालो, मुग्धा. तीन वर्षं त्यानं फी भरली. बोट गेलं त्याचं, तेही माझ्याच शेवटच्या वर्षाला, डबल ड्यूटीत. तो पहिल्यांदा काहीतरी मागत होता."

"मग तुझं दे. तुझं घड्याळ दे. तुझी स्कूटर दे. ध्रुवचं का दिलंस?"

"ध्रुवचं ते माझं नाही?"

"नाही."

त्याने कपड्यांचे चिमटे एकेक करून खिशात टाकले.

"कंपनी बुडणार असं का धरून चाललीयेस तू? चार वर्षं चेक येतायत."

"येतायत ना. कुठून येतायत, विचारलंस कधी?"

"तू फार संशयी आहेस," तो म्हणाला आणि माझा वाळलेला परकर माझ्याच हातात देऊन खाली गेला.

पुढचे तीन दिवस घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात निदान माणसं बोलतात. अण्णांकडे पत्रं, माझ्याकडे नंबर, आणि दोन्ही एकमेकांवाचून कवडीमोल. लसींचं कार्ड मी ब्लाऊजमध्ये ठेवायला लागले. अंघोळीला जाताना ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगायचे. हसू येतं आता, तेव्हा नव्हतं येत. माझी ट्रंक कुणीतरी उचकली होती. साड्यांच्या घड्या मी घालते तशा नव्हत्या. माझ्यासाठी आमटी उरेनाशी झाली. ध्रुवला अण्णांनी मांडीवर घेऊन विचारलं, "तुझी आई तुझं कार्ड कुठं ठेवते रे पुट्टा?" पोराने माझ्याकडे बघितलं, आणि मी पोराकडे असं बघितलं की ते बिचारं रडायलाच लागलं. त्याची शरम मला अजून वाटते. पण तेव्हा मी कार्डावरचा हात काढला नाही.

शनिवारी संध्याअक्का मोरीपाशी माझ्या कानाशी लागली. "देऊन टाक गं. माझ्या बांगड्या गेल्या, मी काय मेले?"

"तुम्हाला परत हव्यात का, अक्का?"

ती भांडं घासत राहिली. घासता घासताच म्हणाली, "मागितल्या होत्या. म्हणाले, मुदतीआधी पैसे काढले तर कमिशन परत द्यावं लागतं." मग एकदम चिडून, "मला काय विचारतेस? तू शिकलेली, तूच बघ!"

रविवारी सकाळी अण्णांना उपाय सुचला.

मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. अण्णा पायरीवर बसले होते. समोर वर्तमानपत्र, त्यावर माझी दोन्ही पत्रं, शेजारी स्पिरिटची बाटली आणि कापूस. त्यांनी बोळा भिजवला आणि एका पत्राचा कोपरा पुसायला घेतला. कुंकू ओलं होऊन पसरलं. त्यांनी अजून जोराने घासलं. हळदीबरोबर कागदाचा वरचा थरही सुटायला लागला, आणि छापलेले आकडे गढूळ होऊन कुंकवातच मिसळले.

"अण्णा, शाई जातेय!" मी हातातली चादर टाकून धावले.

"तू लांब हो. तुझी गरजच संपवतो आता."

माझ्या ओरडण्याने अव्वा बाहेर आल्या. दारातच थांबल्या. मला वाटलं, त्या मला बोलणार. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कापसाच्या लाल बोळ्याकडे बघत होत्या.

"काय पुसतोस रे?"

"तूच फासून ठेवलंय ना हे, निस्तरतोय ते. सगळ्या कागदांना कुंकू, कुंकू. तुझ्या कुंकवानं घात केला बघ."

अव्वा दोन पायऱ्या उतरल्या. सासरे गेल्यापासून त्या पायरी उतरताना भिंत धरतात. तेव्हा धरली नाही.

"कधी लावलं होतं ते, आठवतंय तुला?"

"अव्वा, आता स्वल्प थांब, दोन आकडे राहिलेत."

"तुझा बाप पाळण्यापाशी उभा होता. माझ्या कपाळावर होतं, हातात होतं. सवाष्णीच्या हातचं कुंकू आहे ते, नागराज." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "माझं कपाळ बायकांनी पुसलं. आता हे तू पुसतोस? माझ्या डोळ्यांदेखत?"

अण्णांचा हात थांबला. "तसं नाही अव्वा..."

अव्वांनी वाकून दोन्ही पत्रं उचलली. ओलं पत्र पदरावर टिपलं. पांढऱ्या पदराला लाल डाग पडला. मग त्या वळल्या आणि माझ्याकडे पत्रं धरली. मी घ्यायला गेले तर त्यांनी ती लगेच सोडली नाहीत.

"तुझ्यासाठी नाही देत," त्या म्हणाल्या. "तू काय चीज आहेस ते बघितलंय मी तीन दिवस. पोराला रडवलंस. पण पाळण्यातलं पुसायचं नसतं, कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि ओढून घेतली.

सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी मी ध्रुवला घेऊन पोस्टात गेले. सूर्यकांत अर्धी रजा टाकून मागोमाग आला. मी बोलावलं नव्हतं.

काउंटरवरचे कारकून कल्लाप्पा म्हणून होते, खानापूरकडचे. पत्रं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "गुरुवारी एक गृहस्थ आले होते, तवा निदान नुसतं कुंकू होतं. आता काय रांगोळी काढून आणलाय की काय बाई?"

मी लसींचं कार्ड सरकवलं. ते घामाने वाकडं झालं होतं. कल्लाप्पांनी आधी समोरची बाजू बघितली. "पोलिओचा एक डोस राहिलाय बघा ह्येचा."

"मागे," मी म्हटलं. "मागे बघा."

ते रजिस्टर आणायला आत गेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुसलेल्या पत्राचे शेवटचे तीन आकडे आता कुणालाच वाचता आले नसते. माझ्या हातून एक आकडा जरी चुकीचा लिहिला गेला असला, तर सगळं संपलं होतं. बारशाची गडबड, मांडीवर रडणारं मूल, घाईघाईत लिहिलेलं. तो सात होता की एक? मी साडेपाच वर्षांत शंभरदा ते कार्ड बघितलं असेल, पण हा प्रश्न पहिल्यांदाच तिथे पडला.

कल्लाप्पा रजिस्टर घेऊन आले. बोट एका ओळीवर ठेवून त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला, आणि मी कार्डाकडे न बघता त्यांच्या आधी एकेक म्हणत गेले.

"जुळतंय," ते म्हणाले. "घ्या. पैसे कशात देऊ, शंभराच्या चालतील?"

"पैसे नकोत. परत गुंतवायचेत. किसान विकास पत्र, नावावरचं. मुलाच्या."

"तेच ब्येस. हरवलं तरी परत मिळतंय." त्यांनी फॉर्म दिला.

मी लिहायला लागले. मुलाचं नाव, जन्मतारीख. मग पालकाचं नाव. मी माझं लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, मग खोडून सासरचं. सूर्यकांत माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा श्वास मानेला लागत होता.

"माझं पण लिही," तो म्हणाला.

"एकच ओळ आहे."

ओळी दोन होत्या. दुसरी माझ्या तळहाताखाली होती. त्याला ते दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे मला कळत होतं. तो ध्रुवला उचलून बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. मी हात न उचलता सही केली.

घरी पोचलो तर अण्णा जेवत होते. एप्रिलचा चेक आज पुन्हा ताटाशेजारी होता. त्या महिन्यातही तो आला होता. त्यांनी तो माझ्या दिशेला जरासा सरकवला, मला वाचता येईल इतका. मी वाचला. रक्कम बरोबर होती.

अव्वांनी देवघरातून हाक मारली. समोर हळदकुंकवाची कोयरी होती. "नवीन पत्र आणलंस ना? लाव."

"नंबर झाकला जातो, अव्वा."

"मग मागं लाव. मला आता चालत नाही लावायला, नाहीतर तुझ्या पाया पडले नसते."

मी पत्र उलटं केलं आणि मधोमध एक बारीक ठिपका लावला. तो वाळेपर्यंत त्या बघत बसल्या. मग त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"ठेव कपाटात."

मी पत्राची घडी घातली, लसींच्या कार्डात ठेवली आणि कार्ड ब्लाऊजमध्ये.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली परत कमरेला खोचली. त्या रात्रीपासून मी माझी आमटी वेगळी करते.